खोकल्याची जोडणी

६ जानेवारी

आज पुन्हा नापास. दिग्दर्शिकाबाईंनी डोळे मिटून मी बनवलेला आवाज शेवटपर्यंत ऐकला, तेव्हाच ओळखलं की काही खरं नाही. आवडलं की त्या मधेच बोलतात. संपल्यावर म्हणाल्या, "अगं, ही खाण आहे. आत माणसं अडकलीत, वर अख्खा डोंगर बसलाय. आणि तुझी खाण मला फ्रिजसारखी ऐकू येतेय."

फ्रिज! इतके दिवस मान मोडून काम केलं त्याचं हे फळ. आणि वाईट म्हणजे घरी येऊन ऐकलं तर खरंच फ्रिज होता.

नाटकाचा पहिला प्रयोग बावीस फेब्रुवारीला आहे. आजवर मी साबणाच्या आणि पंख्यांच्या जाहिरातींना टुंगटांग पुरवत आले. दोन तास माझाच आवाज, खाली माझंच नाव, असं हे पहिलं काम. हे हुकलं तर पुन्हा साबण.

घरी बाबांची छाती भरलीय. पार्टिशनच्या पलीकडे खोकतायत. डॉक्टरीणबाईंनी औषध दिलंय, दिवसातून तीनदा. ताईचा फोन आला होता. "छोटी, औषध तू स्वतः उभं राहून दे. ते चालढकल करतात." दिलं म्हटलं. दिलं होतं खरंच. आज तरी.

९ जानेवारी

आजपासून नियम मोडायचे असं ठरवलंय.

माझं मशीन म्हणजे लाकडी खोक्यात बसवलेले छोटे छोटे डबे. एक नुसता सूर काढतो, एक तो गाळतो, एक ठोके देतो, एक दार उघडल्या-मिटल्यासारखा आवाज आत-बाहेर सोडतो. वायरींनी एकमेकांना जोडल्याशिवाय कुणी तोंड उघडत नाही. कुठली वायर कुठे खोचायची, त्या जोडणीतच सगळी करामत. बाबा त्याला टेलिफोन एक्स्चेंज म्हणतात. "लागला का फोन?" हा त्यांचा विनोद हे मशीन घरात आल्यापासून चालू आहे. त्यापलीकडे माझ्या कामाबद्दल त्यांनी कधी एक शब्द विचारला नाही. शाळेत आयुष्यभर कवायत शिकवली त्यांनी, मुलं शिट्टीसर म्हणायची. त्यांच्या लेखी काम म्हणजे मैदानावर, उन्हात, सरळ रांगेत. माझं हे बसल्या जागी वायरी खोचणं त्यांना कामच वाटत नसणार.

तर नियम मोडले. गाळणीतून बाहेर पडणारा आवाज परत तिच्याच तोंडात घातला. अशी किंचाळली की वरच्या मजल्यावरून काठी आपटली. ओल्या बोटांत दोन वायरींची टोकं धरून पाहिली. कुंडीतल्या वेलाच्या पानांना चिमटे लावले. वेल माझ्यासारखाच निघाला, ढिम्म हलेना. नळाला नाण्याएवढा चपटा माइक चिकटवून थेंबांवर मशीन चालवलं. छान वाजलं, पण ती खाण नव्हती, तो नळच होता.

११ जानेवारी

मिळालं! मिळालं!

लिफ्टची घरघर पकडता येईल म्हणून तो चपटा माइक पार्टिशनला चिकटवला होता. पार्टिशन म्हणजे प्लायवूडचा एक पातळ तक्ता, पलीकडून त्याला टेकूनच बाबांचा पलंग. लिफ्ट काही आली नाही. बाबा खोकले. आणि खाण हलली.

म्हणजे खोकला ऐकू आला नाही. तो मी आवाज म्हणून जोडलाच नव्हता. खोकल्याचा नुसता धक्का मशीनमध्ये जातो आणि तो धक्का सगळी दारं उघडतो. खोल कुठेतरी काहीतरी सरकल्यासारखं झालं, मग वरून भुसभुशीत माती सुटल्यासारखं, आणि मग बराच वेळ कुणीतरी श्वास ओढून धरल्यासारखं. अंगावर काटा आला. बाबा पुन्हा खोकले, पुन्हा तेच, पण अगदी तेच नाही. जिवंत माणसाचे दोन खोकले सारखे नसतात ना!

मी खोलीत चक्क नाचले. मग थांबले. सत्तरी उलटलेला बाप पलीकडे छाती धरून खोकतोय आणि मी अलीकडे नाचतेय. शोभतं का हे मला?

माइक मात्र काढला नाही.

१३ जानेवारी

दिग्दर्शिकाबाई मधेच बोलल्या! "थांब, थांब, हे कसं केलंस?"

मी म्हटलं, "एक वेगळी जोडणी करून पाहिलीय." अगदी तोंड वर करून. खोटं नाही आणि खरंही नाही.

त्यांना असा सगळा मिळून तासभर ऐवज हवाय, त्यातून त्या निवडणार. शिवाय मशीनच्या आवाजासोबत माइकचा मूळ आवाजही वेगळा साठवून ठेव म्हणाल्या, शेवटी मिसळताना कुठे काय चुकलं ते कळतं. ठेवते. तो ऐकायचं मला काय काम? धक्के मला पडद्यावर दिसतात.

१६ जानेवारी

औषध लागू पडलं. बाबा बरे होतायत.

संध्याकाळी मशीन लावून बसले. पलीकडे शांत. फक्त टीव्हीवरच्या बातम्या. कान पार्टिशनला लावून मी वाट बघत होते. कशाची, तर बापाला खोकल्याची उबळ कधी येते त्याची. लिहायचीही लाज वाटते. पण लिहायचंच, निदान इथे तरी खोटं बोलायचं नाही.

एकदाच खोकले. मला बरं वाटलं. छी.

१८ जानेवारी

केलं. लिहून टाकते.

संध्याकाळचं औषध मी दिवेलागणीला देते. आज दिलं नाही. "काम आटपलं की देते" असं स्वतःलाच सांगितलं, जणू भाजीच टाकायची होती. मशीन चालू केलं आणि जरा वेळाने आला खोकला. चांगला दणदणीत. मग आणखी एक. भरपूर मिळालं.

काम आटपल्यावर औषध घेऊन गेले तेव्हा माझं मलाच तोंड दाखवावंसं वाटेना. बाबा म्हणाले, "ठेव तिथे, घेतो मी." ताईने सांगितलं होतं उभं राहून द्यायचं. मी ठेवलं आणि आले. त्यांच्यासमोर उभं राहायची हिंमत नव्हती.

१९ जानेवारी

आजही उशिरा. आजही खोकला जोरात. कालच्यापेक्षा जास्तच. माझ्यामुळे उलटलं हे.

उद्यापासून वेळेवर देईन.

२२ जानेवारी

दिलं वेळेवर, दोन दिवस. खोकला कमी व्हायचं नाव नाही. आता एकदा बिघडलं ते बिघडलं. मी हाताने बिघडवलं.

बाबा विचित्रच वागतायत. पलंग सरकवून घेतलाय, आता उशाकडची फळी पार्टिशनला अगदी चिकटलीय. विचारलं तर म्हणाले, "खिडकीतून वारा येतो." खिडकी त्या बाजूला नाहीच. संध्याकाळच्या बातम्याही लावत नाहीत. टीव्ही बंद करून नुसते टेकून बसतात. अशक्तपणा असणार. काल औषधाच्या वेळा सोडल्या तर दिवसभर मी बाहेर होते, मशीन लागलंच नाही. रात्री जेवताना म्हणाले, "आज एक्स्चेंजला सुट्टी?"

"हो. का?"

"काही नाही. आपलं विचारलं. आधी कळलं तर बरं असतं."

बिचाऱ्यांना घरात माझी चाहूल लागते, सोबत वाटते. आणि मी ती सोबत कशासाठी करतेय ते माझं मला माहीत.

बेसिनपाशी मुंग्या झाल्यात. या थंडीत!

२५ जानेवारी

ताई आली होती, दिवसभर. बाबा एकदाही खोकले नाहीत. एकदाही नाही! तिच्याबरोबर पत्ते खेळले, तिला हरवलं, वर तिला म्हणाले की तुझं लक्ष पहिल्यापासूनच नसतं.

ताई जाताना मला म्हणाली, "अगं, ठणठणीत आहेत की! तू फोनवर किती घाबरवतेस."

ती काळजी करील, उचलून आपल्या घरी नेईल, म्हणून बाबांनी दिवसभर खोकला दाबून धरला असणार. कारण ताईची रिक्षा वळली, मी मशीन चालू केलं, सूर जरा कुठे तापतोय तोच पलीकडून सुरू. एकामागून एक. ऐकवेना. म्हणजे धक्के बघवेनात.

पण बंद नाही केलं. अर्धाअधिक ऐवज झालाय.

२९ जानेवारी

डॉक्टरीणबाई घरी येऊन तपासून गेल्या. म्हणाल्या, "छाती स्वच्छ आहे. दोन आठवड्यांपूर्वीच साफ झाली असणार."

मी चिडले. "अहो, असं कसं? संध्याकाळी या तुम्ही आणि ऐका. जीव नकोसा होतो ऐकून."

"संध्याकाळीच?"

"संध्याकाळीच."

त्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा छताकडे बघत होते. "काय हो सर, काय होतं संध्याकाळी?"

"थंडी पडते," बाबा म्हणाले.

औषध बदलून दिलं. मला त्या बाई जरा वरवरच्याच वाटतात. पण त्यांना दोष देऊन मी सुटणार आहे का? मी औषध लांबवलं हे त्यांना सांगायला हवं होतं. दारापर्यंत पोचवायला गेले, ओठांवर आलं होतं, आणि विचारलं काय, तर पथ्य काय म्हणून.

३ फेब्रुवारी

आजच्यासारखं कधीच झालं नव्हतं. चार धक्के, मग मोठी पोकळी, पुन्हा चार. त्यानंतर दोन हलके, एक जोराचा. दिग्दर्शिकाबाईंना फोनवरच ऐकवलं तर त्या रडल्या. "आत अडकलेली माणसं भिंतीवर ठोकून खुणा करतायत गं! अगं, हे सुचलं कसं तुला?"

मला काय सुचणार? आजाराला अशी लय कुठून येते तेही मला कळत नाही. मशीनचा ठोका पार्टिशनमधून पलीकडे जात असेल आणि झोपेत माणूस जसा घड्याळाबरोबर श्वास घेतो तसं काही होत असेल. काहीही असो. कौतुक ऐकताना कान गरम झाले. चोराला हार घालावा तसं वाटत होतं.

जेवताना बाबांनी विचारलं, "आज फोनवर कुणी रडत होतं का?"

"हो, बाईंना आवडलं."

"बरं," म्हणाले आणि आणखी एक पोळी मागून घेतली. परवापासून त्यांचं जेवण कमी झालं होतं, म्हणून बरं वाटलं.

७ फेब्रुवारी

बाबा शर्टाची बटणं एका हाताने लावत होते. विचारलं तर म्हणाले, "अवघडलंय. उशी उंच झाली." मी उशी बदलून दिली. वाकून चपला घालतानाही तोंड वाकडं केलं.

आता थोडाच ऐवज राहिलाय. संपला की माइक काढणार आणि बाबांना सगळं सांगणार. आधी सांगितलं तर ते खोकला दाबतील, माझ्यावर रागावून नाही, लाजून. असं मी स्वतःला समजावते. खरं कारण एवढंच की मला ऐवज पुरा हवाय.

१० फेब्रुवारी

बरगडीला तडा गेलाय. खोकून खोकून.

सकाळी उठताच येईना तेव्हा मी हादरले, रिक्षा आणली, ताईला बोलावलं. फोटोत स्पष्ट दिसलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छाती अजूनही साफ आहे. घसा मात्र सोलून निघालाय. सर, एवढा जोर लावून कुणी खोकतं का?"

बाबा म्हणाले, "सवय लागली."

त्यांनी बाबांना शिकवलं, खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची, म्हणजे कळ कमी लागते. बाबांनी लगेच धरून दाखवली. "अशी?" शाबासकी हवी असलेल्या मुलासारखे. ताई तिकडे तोंड करून डोळे पुसत होती. मला रडूही येईना. रडायचा हक्क तरी आहे का मला?

ही बरगडी मी मोडलीय. हातात काठी घेतली नाही एवढंच.

११ फेब्रुवारी

सांगायचंच असं ठरवून त्यांच्या खोलीत गेले. खुर्ची ओढून बसले. "बाबा, मला एक बोलायचंय. मागच्या महिन्यात औषध मी..."

"काम पुरं झालं का तुझं?" मधेच विचारलं.

"अं? नाही, दहा मिनिटांचं राहिलंय. पण ते जाऊ दे, मी औषध..."

"दहा मिनिटं," ते म्हणाले. "दहा म्हणजे काही फार नाही."

विषय बदलला त्यांनी. माझा चेहरा बघून त्यांना कळलं असावं आणि मला लाजवायचं नसावं. मी त्यांना पाणी दिलं आणि भित्र्यासारखी उठून आले.

१२ फेब्रुवारी

आज सगळं क्रमाने लिहिते.

आहे त्यातच भागवायचं, राहिलेली दहा मिनिटं जुन्याच तुकड्यांतून जुळवायची, असं सकाळी ठरवलं. त्यासाठी खोकल्यांच्या नेमक्या जागा हव्या होत्या. म्हणून माइकचा मूळ आवाज पहिल्यांदाच हेडफोन लावून ऐकला. पहिल्यांदाच! महिनाभर साठवत होते आणि एकदाही ऐकला नव्हता. मला धक्के दिसत होते ना पडद्यावर.

तीन तारखेचा लावला, दिग्दर्शिकाबाई रडल्या तो. आधी पलंग करकरला. मग उशाच्या फळीला पाठ टेकल्याचा आवाज. मग घोटभर पाणी. मग बाबांचा आवाज, अगदी हळू, मैदानावर असायचा तसाच, फक्त कुजबुजता.

"एक... दोन... तीन... चार..."

आणि खोकले. चार वेळा, नीट अंतर ठेवून.

मग थांबले. माझी खाण सरकली, माती सुटली, ते सगळं पार्टिशनमधून त्यांना ऐकू येत होतं. ते पुरतं संपेपर्यंत थांबले. मग स्वतःशीच म्हणाले, "हं. हे चांगलं झालं." आणि पुन्हा मोजायला लागले.

मी मागे मागे गेले. पंचवीस तारीख, ताई गेली तो दिवस. "चला, गेली ती. लाव आता." वीस तारीख. खोकल्याआधी बाटलीचं झाकण, पावलं, बेसिनमध्ये काहीतरी ओतल्याचा आवाज, परत पलंग. मुंग्या! माझ्या मेलीच्या डोक्यात उजेड पडला तो असा. मी औषध लांबवत होते आणि ते ओतून टाकत होते. दोघं एकमेकांपासून चोरून एकाच कामाला लागलो होतो.

मग सात तारखेचा लावला. लावायला नको होता. "एक... दोन..." खोकला. आणि त्यानंतर, दातांत धरलेलं, "आई गं." जरा वेळ काही नाही. श्वास ऐकू येतोय, तुटक. मला वाटलं, आता थांबतील. थांबा हो बाबा, थांबा, असं मी खरंच मोठ्याने म्हणाले. पण कुठले थांबायला? ते तर सात तारखेला होऊन गेलं होतं. "अजून एकदा," ते म्हणाले. "एक... दोन..."

मी हेडफोन काढून फेकला. बुक्की मारावीशी वाटली स्वतःला. कानाचं काम करते म्हणून मिरवते मी! पार्टिशनला कान लावून बसत होते आणि पलीकडे बाप माझ्याशी बोलत होता ते मला ऐकू आलं नाही, कारण मी ती वायर आवाजाला जोडलीच नव्हती.

माइक उपटून काढला. मशीनच्या सगळ्या वायरी काढल्या, एकेक करत, ती जोडणी पुन्हा जमणार नाही हे माहीत असून. नाटकाचं काय व्हायचं ते होवो. शेवटची दहा मिनिटं खाण गप्प राहील. वायरी काढण्याआधी मशीन बंद करायच्या गडबडीत बटण उलटं दाबलं गेलं असावं, सूर एकदाच घुमला आणि गेला.

बाबांच्या खोलीत गेले. काय बोलायचं ते जुळवत होते. दारात पोचले तर बाबा पलंगावर सरळ बसलेले. केस विंचरलेले, बाजूला पाण्याचा पेला, पाठ फळीला. उशी दोन्ही हातांनी छातीशी धरलेली, बाईंनी शिकवली होती तशी.

"चालू केलंस ना?" म्हणाले. "आता आवाज आला मला. दहाच मिनिटं राहिलीत ना? हे बघ, उशी धरली की काही दुखत नाही."

मी मान हलवली. "बंद केलं, बाबा. काढलं सगळं."

त्यांचा चेहरा एकदम उतरला. उशी हळूच मांडीवर ठेवली.

"का गं?" म्हणाले. "मला जमत नव्हतं का?"